वाडी कोणाची?

'वारसा' हा शब्द आपल्या भाषेत दोन ठिकाणी राहतो. एक ठिकाण तलाठ्याचे दप्तर. घरातील कर्ता माणूस निवर्तला की मुले तेथे वारस म्हणून आपली नावे लावून घेण्यास जातात. आणि जमिनीबरोबर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यातील बोजाही त्यांच्याकडे येतो. धानाची बांधी हवी, पण तिच्यावरील सोसायटीचे कर्ज नको, असे म्हणण्याची सोय तेथे नाही. शब्दाचे दुसरे ठिकाण म्हणजे व्यासपीठ. तेथे वारसा थोर असतो, उज्ज्वल असतो, जतन करावयाचा असतो. मात्र त्याच्यावरील बोजाचा उच्चार क्वचितच होतो. दप्तरातील वारस ओझ्यासह वारस असतो, व्यासपीठावरील वारस केवळ अभिमानाचा धनी असतो.

हे अंतर योग्य आहे काय? एखादी जुनी वस्ती, जुने मंदिर, जुने घर पाहून 'हा आपला वारसा' असे आपण मुलांना सांगतो, तेव्हा त्या 'आपला' या शब्दाबरोबर आपल्या अंगावर काही येते की नाही? हा प्रश्न आम्हाला ग्रंथ वाचताना पडलेला नाही. धर्मग्रामातील मुलांना घेऊन मुंबईतील एक वस्ती पाहण्यास गेलो असता तो समोर उभा राहिला. म्हणून त्या वस्तीच्या आधारेच त्याचा विचार करू.

गोंदियाहून मुंबईची सहल म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसमधील एक रात्र आणि पुढे दोन-तीन दिवसांची धावपळ. मुलांच्या यादीत समुद्र, लोकल गाडी आणि राणीची बाग. पालकांच्या यादीत वांद्र्याची माउंट मेरी. दिवाळीच्या सुट्टीतील अशाच एका सहलीच्या यादीत आम्ही गिरगावातील खोताची वाडी घातली, तेव्हा तेथे पाहण्यासारखे काय आहे, असे काही पालकांनी साहजिकच विचारले. आमचे उत्तर असे होते, की तेथे मराठी बोलणारी कॅथलिक कुटुंबे दोन शतकांहून अधिक काळ राहत आली आहेत. आमच्या धर्मग्रामातील मुले संख्येने थोडी. कोणाचे आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त येथे आले, कोणाचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या याच मातीतले. तरी शाळेत हजेरी घेताना नाव ऐकले की नवे गुरुजी विचारतातच, "तुम्ही मूळचे कुठले?" प्रश्नात दुष्टावा नसतो. पण तो वारंवार ऐकून मुलाच्या मनात असे बसते, की ख्रिस्ती माणूस हा कोठून तरी आलेलाच असतो. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झाला, ती चाळ गिरगावात आहे. पाडव्याची मोठी शोभायात्रा गिरगावातून निघते. आणि त्याच गिरगावात क्रूस व मराठी या दोहोंना घरचे मानणारी एक जुनी वाडी आहे. हे मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू होता.

वाडीचा इतिहास थोडक्यात असा. वाडी म्हणजे बागायत आणि खोत म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणारा वतनदार. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी येथील आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले, आणि बागायतीची वस्ती झाली. 'ईस्ट इंडियन' हे नाव पुष्कळांना बुचकळ्यात टाकते. मुंबईची बेटे, साष्टी आणि वसई या मुलखातील मूळ रहिवाशांपैकी ज्यांनी पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, त्यांचे हे वंशज. पुढे एकोणिसाव्या शतकात गोव्याकडील आणि मंगळूरकडील ख्रिस्ती बांधव नोकरीधंद्यासाठी मुंबईस येऊ लागले आणि सर्वांनाच सरसकट 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हटले जाऊ लागले. तेव्हा १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या भूमिपुत्रांनी आपली संस्था स्थापून हे वेगळे नाव धारण केले. जो येथलाच, त्याला आपण येथलेच आहोत हे सांगण्यासाठी परक्या भाषेतील नाव घ्यावे लागले, हा इतिहासाचा खेळ विलक्षणच म्हणावयाचा.

वाडीतील गल्ल्या अरुंद आहेत. घरे बैठी किंवा दुमजली; उतरती कौले, पुढे व्हरांडा, लाकडी नक्षीचे कठडे, आणि वरच्या मजल्याला बाहेरूनच नेणारा लाकडी जिना. एकेकाळी अशी ६५ घरे येथे होती. आज ती तिसांच्याही आत आली आहेत आणि त्यांच्या भोवती उंच इमारती उभ्या आहेत. माझगावची म्हातारपाखाडी, वांद्र्याचे रानवार, आणि मुंबईबाहेर पणजीचे फोंताइन्यास ही अशाच जातीची ठिकाणे. मुंबईच्या जुन्या गावठाणांतून हिंडताना कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस दिसतात; त्यांतील कित्येक १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या साथीच्या आठवणीने उभारलेले आहेत. ज्या पिढीने घरातील माणसे एका आठवड्यात गमावली, तिने घराबाहेर क्रूस उभारला आणि त्याच्यापुढे दिवा लावला. मुलांना आम्ही एवढे सांगितले, आणि मग ती पाहू लागली.

मुले पाहतात तेव्हा नुसते पाहत नाहीत, प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न होता, "फादर, तिकीट कुठे काढायचं?" सहलीत जे जे पाहिले त्याला तिकीट होते, तेव्हा हा प्रश्न रास्तच होता. तिकीट नाही, ही माणसांची राहती घरे आहेत, असे सांगताच दुसरा प्रश्न आला, "मग आपण पाहायचं कसं?" या प्रश्नाला आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते, आणि उत्तराची संधीही लगेच आली. एका व्हरांड्यात एक वयोवृद्ध गृहस्थ खुर्चीवर बसले होते. आमच्यातील एका मुलाने मोबाइल उंचावून घराचे आणि ओघाने त्यांचेही छायाचित्र घेतले. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी त्याला जवळ बोलावले आणि म्हटले, "घराचा फोटो काढलास, चांगलं केलंस. पण बाळ, माझं नाव विचारलंस का?"

मुलाने नाव विचारले. मग आजोबांनी प्रत्येक मुलाचे नाव विचारले, गाव विचारले. गोंदिया म्हणताच त्यांनी धानाची गोष्ट काढली. ऑक्टोबरात आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताची कणसे चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद देतात, ही त्यांच्या समाजाची जुनी रीत. "शेतं गेली, सण राहिला," ते म्हणाले, "आता कणसं कुठून तरी आणावी लागतात." आमच्या मुलांना याचे फार नवल वाटले, कारण त्यांच्या घरामागे त्याच आठवड्यात धान कापणीला आलेला होता आणि त्यात काही विशेष आहे असे त्यांना कधी वाटलेले नव्हते. निघताना आम्ही शिष्टाचार म्हणून म्हटले, की आपण हे घर राखले आहे, फार मोठे काम केले आहे. त्यावर त्यांनी वर छताकडे पाहिले. "येणारा प्रत्येक जण म्हणतो, घर राखा. राखतो. भावंडं परदेशात, घरात सगळ्यांचा हिस्सा. कौलं कोण बदलणार, ते मात्र कोणी सांगत नाही."

या वाक्यात आमच्या प्रश्नाचा गाभा आहे. पाहणाऱ्याला घर हवे असते; राहणाऱ्याला छप्पर हवे असते. पाहणारा एका सकाळपुरता येतो, राहणारा साऱ्या पावसाळ्यांचा धनी असतो. ज्या वस्तूचा आनंद आपण घेतो आणि जिचा भार दुसरा वाहतो, तिला आपण कोणत्या न्यायाने 'आपली' म्हणावे?

पवित्र शास्त्रात या विषयावरील एक कथा आहे, ती राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात. इज्रेल येथे नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा राजा अहाबच्या वाड्याला लागून होता. राजाला तेथे भाजीपाल्याची बाग करावयाची होती. त्याने जुलूम केला नाही. मोबदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असा व्यवहार पुढे केला. आजच्या भाषेत बोलावयाचे तर दर चांगला होता आणि पर्यायी जागाही मिळत होती. नाबोथाने नकार दिला. का, तर ते पूर्वजांचे वतन होते. मग राजा घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला आणि जेवेनासा झाला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे: राणी ईजबेलची पत्रे, खोटे साक्षीदार, नाबोथाचा दगडांनी झालेला वध, आणि मळ्याचा ताबा घ्यायला निघालेल्या राजाला त्याच मळ्यात येऊन गाठणारा संदेष्टा एलिया.

या कथेत बिल्डर आणि घरमालक ओळखणे सोपे आहे. परंतु आम्हास तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती पाहुण्यांना लागू पडते. अहाबने नाबोथाकडे मळा पाहिला, नाबोथ पाहिला नाही. त्याच्या लेखी मळ्याला लांबी होती, रुंदी होती, वाड्याशी जवळीक होती. मळ्याला बाप आणि आजा होता हे त्याच्या हिशेबात नव्हते. त्या मुलाच्या छायाचित्रातही घर आले होते आणि माणूस केवळ घराचा भाग म्हणून आला होता. दोन्ही कृत्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे उघडच आहे. एका निरागस मुलाची राजाशी तुलना कोण करील? परंतु पाहण्याची सवय तेथूनच लागते. शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नये, ही आज्ञा आपण चोरीच्या पुढची पायरी म्हणून शिकवतो. ती चोरीच्या आधीची पायरी आहे. डोळा आधी माणसाला वगळतो, हात नंतर.

तथापि येथेच थांबलो तर घर विकणाऱ्यावर अन्याय होईल. वाडीतील जी घरे गेली, ती सर्व कोणी बळकावली नाहीत. पुष्कळ घरे मालकांनीच विकली, आणि त्यांना नाबोथाचे उदाहरण देऊन लाजवणे हे ज्याला कौले बदलावी लागत नाहीत त्याला फार सोपे आहे. एका घराला अनेक हिस्सेदार. कोणाला मुलीच्या लग्नाला पैसे हवेत, कोणाला आजारपणाला. लाकूड कुजते, वाळवी लागते, जुन्या पद्धतीचे सुतार मिळेनासे होतात. गिरगावातील जुन्या इमारतींना भाडेकरूही जुने, आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यात छपराची डागडुजीही निघत नाही. अशा मालकाने घर विकले तर ते पाप आहे काय?

शास्त्र याविषयी आपल्याला वाटते त्याहून अधिक बारकाईने बोलते. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात वतनाचा कायदा सांगितला आहे. जमीन कायमची विकावयाची नाही, कारण ती परमेश्वराची आहे आणि माणसे तिच्यावर त्याचे पाहुणे म्हणून राहतात. पण त्याच अध्यायात तटबंदीच्या नगरातील घराला निराळा नियम आहे: ते विकले आणि वर्षभरात सोडवले नाही, तर ते घेणाऱ्याचे कायमचे झाले. शेताला जो नियम, तो शहरातील घराला नाही. शहरात माणसाला घर बदलावे लागते, हे त्या प्राचीन कायद्यालाही मान्य होते. तेव्हा विकणाऱ्याकडे बोट दाखवण्यास शास्त्राचा आधार मिळत नाही. मात्र त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, आणि ती आपण सहसा वाचत नाही. भाऊबंद गरिबीमुळे वतन विकू लागला, तर जवळच्या नातलगाने पुढे येऊन ते सोडवावे. म्हणजे वतन टिकवण्याची जबाबदारी एकट्या मालकावर टाकलेलीच नव्हती. ज्यांना ते टिकावे असे वाटते त्या साऱ्या गोतावळ्यावर ती होती. नुसता उपदेश करणारा नातलग त्या कायद्याला ठाऊक नाही.

आपल्या काळात नातलगाची जागा कोणी घेतली? मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, आणि खोताची वाडी वारसा परिसरांच्या यादीत गेली. यादीचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ती नसती तर कदाचित आज सांगण्यासारखे काही उरलेच नसते. पण नियम घर पाडणाऱ्याचा हात अडवतो. गळणाऱ्या छपरावर चढून तो कौल बसवत नाही. तो मालकाला 'हे करू नकोस' असे सांगतो. 'हे आपण मिळून करू' असे सांगणारा दुसरा कोणी लागतो. हा दुसरा नसेल तर वारसा म्हणजे सर्वांच्या अभिमानासाठी एकाला भरावा लागणारा दंड होतो.

राहणाऱ्याला वगळून वारशावर प्रेम करणे कोठवर जाऊ शकते, हे पाहण्यासाठी क्षणभर दूर जावे लागेल. अमेरिकेतील लॉस एंजेलिस हे शहर आज हॉलिवूडमुळे जगाला माहीत आहे. पण १७८१ साली ते वसवले स्पेनच्या राजवटीत मेक्सिकोच्या बाजूने आलेल्या ४४ जणांनी, आणि त्यांत मूळनिवासी, आफ्रिकी व स्पॅनिश अशा सर्व रक्तांची माणसे होती. पुढे ते मेक्सिकोचे झाले, आणि १८४८ च्या तहाने अमेरिकेचे. शहर वाढले तसा जुना चौक, तेथील चर्च आणि १८१८ साली बांधलेले आविला कुटुंबाचे मातीच्या विटांचे घर ही सारी मोडकळीस आली. घर पाडावयाचे ठरले तेव्हा क्रिस्टीन स्टर्लिंग नावाच्या एका बाईंनी ते वाचवण्यासाठी चळवळ केली, आणि १९३० च्या ईस्टर रविवारी तेथील ओल्वेरा स्ट्रीट ही गल्ली मेक्सिकन बाजारपेठ म्हणून खुली झाली. रंगीत दुकाने, गाणी, मेणबत्त्या, खाद्यपदार्थ. शहरवासी मुलांना घेऊन तेथे जाऊ लागले. एका स्त्रीच्या चिकाटीने शहराचा जन्मचौक वाचला, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये.

पण पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १९३१ रोजी, त्याच चौकाला पोलीस व इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी वेढा घातला आणि सुमारे चारशे जणांना अडवून त्यांची कागदपत्रे तपासली. महामंदीचे दिवस होते. त्या दशकात लाखो मेक्सिकन माणसे देशाबाहेर गेली किंवा घालवली गेली. त्यांत अमेरिकेतच जन्मलेली मुलेही होती. ज्या गल्लीत मेक्सिकन टोपी विकत घेता येत होती, तिच्या तोंडाशीच मेक्सिकन माणसाला 'तू कुठला?' असे विचारले जात होते. १९३२ साली दाविद आल्फारो सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराला त्या गल्लीवरील एका भिंतीवर चित्र काढण्याचे काम मिळाले. हिरव्यागार उष्ण प्रदेशाचे एखादे सुखद दृश्य लोकांना अपेक्षित होते. त्याने मध्यभागी काढला एक मूळनिवासी माणूस, क्रुसावर खिळलेला, आणि त्याच्या डोक्यावर बसलेला गरुड. गल्लीतून दिसणारा भाग लवकरच पांढऱ्या रंगाने झाकला गेला, आणि काही वर्षांत सारे चित्रच. पुढे उन्हापावसात तो पांढरा रंग विरत गेला आणि खालचा क्रूस हळूहळू पुन्हा दिसू लागला. २०१२ साली ते चित्र लोकांना पाहण्यासाठी खुले करण्यात आले.

त्याच चौकातील चर्चचे धर्मगुरू फादर लुईस ओलिवारेस यांनी १९८५ साली आपले चर्च मध्य अमेरिकेतील यादवीतून पळून आलेल्या निर्वासितांसाठी आश्रयस्थान म्हणून जाहीर केले. माणसे रात्री चर्चच्या बाकांवर निजू लागली. आजही तेथे दर डिसेंबरात पोसादास होतात. बाळंतपणाला टेकलेली पवित्र मरीया आणि योसेफ जागा शोधत दारोदार हिंडले, ती यात्रा मुले नऊ रात्री करतात. एका बाईंनी चौकातील घरे वाचवली, चित्रकाराने चौकातील वेदना दाखवली, आणि धर्मगुरूंनी दार उघडले. तिन्ही कामे आवश्यक होती असे आम्ही मानतो. पण पोसादासचा अर्थ कोणत्या कामात उतरला, हे सांगावयास हवे काय?

या उदाहरणावरून परदेशी लोकांना नावे ठेवण्याची घाई आपण करू नये. पाहुण्यांच्या स्वागताला आदिवासी नृत्य बसवण्याची प्रथा आपल्याकडे, आपल्या धर्मप्रांतीय मेळाव्यांतही, रूढ आहे. नृत्य सुंदर असते, टाळ्या मनापासूनच्या असतात. पण त्याच नर्तकांच्या गावात २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेले दावे कोठवर आले, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण विचारतात? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात निसर्गाबरोबरच इतिहास, कला आणि संस्कृती यांचा वारसाही धोक्यात असल्याचे सांगितले, आणि मूळनिवासी समाजांसाठी जमीन ही विकाऊ वस्तू नसून देवाने व पूर्वजांनी दिलेले दान आहे, याकडे लक्ष वेधले. दान घेणाऱ्याला विसरून दानाचे कौतुक करता येत नाही.

तेव्हा मुलांना जुन्या वस्त्यांत नेऊच नये काय? अवश्य न्यावे. न पाहिलेल्या गोष्टीविषयी कोणाला कर्तव्य वाटत नाही. पण पाहण्याची रीत शिकवावी, आणि ती शिकवण्यास फार विद्वत्ता लागत नाही. दुसऱ्याच्या घरी जाताना आपण जे पाळतो तेच येथे पाळावयाचे: आधी माणसाला नमस्कार, मग घराकडे नजर, आधी नाव, मग छायाचित्र, उंबऱ्याच्या आत परवानगीखेरीज पाऊल नाही. निघताना काही विकत घेता आले तर त्यांच्याकडचे घ्यावे, आणि वस्तीतील लोकांनी डागडुजीसाठी निधी उभारला असेल तर त्यात आपला वाटा टाकावा. तो लहान असला तरी हरकत नाही. मुलाच्या हाताने टाकलेले दहा रुपये त्याला आयुष्यभर सांगतील, की मी तेथे गिऱ्हाईक म्हणून नव्हे, नातलग म्हणून गेलो होतो. ज्या घरांचे वारस परदेशी आहेत, त्यांनीही हे ऐकावे. नाताळात जुन्या घराचे छायाचित्र पाहून डोळे पाणावतात ते खरेच. पण हिश्शाचा हक्क जसा साता समुद्रापार पोहोचतो, तसा छपराचा खर्चही पोहोचला पाहिजे.

राहिली ती आपल्या स्वतःच्या अंगणातील गोष्ट. खोताच्या वाडीतील आजोबांकडे सण होता आणि शेत नव्हते. आमच्या मुलांकडे शेत आहे. त्यांच्या शेजारच्या गोंड कुटुंबांत नवे धान्य आधी देवाला व पूर्वजांना वाहिल्याखेरीज तोंडी घालत नाहीत. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड बांधव आपल्या मूळस्थानाच्या दर्शनाला येतात, आणि ते ठिकाण रेल्वेने गोंदियापासून फार दूर नाही. मुंबईची वाडी पाहून आलेल्या मुलाने शेजाऱ्याच्या या श्रद्धास्थानाकडेही त्याच अदबीने पाहावे, पाहुण्याच्या अदबीने. कोणी त्याला 'तू कुठला?' असे विचारले तर त्याला राग येतो; तोच प्रश्न पहिल्यापासून या जंगलात राहणाऱ्याला विचारण्याचा अधिकार त्यालाही नाही.

आणि शेवटी आपले तलाव. भंडारा-गोंदियाचा हा मुलूख तलावांचा म्हणून ओळखला जातो. नवेगाव बांधसारखे तलाव येथील कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधले. कोकणात जसा खोत, तसा आपल्याकडे मालगुजार. त्याच्या देखरेखीखाली गाव तलावाची निगा राखीत असे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी' या नावाची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. मालगुजारी गेली ते योग्यच झाले. त्या व्यवस्थेत जुलूमही होता. पण पुष्कळ ठिकाणी असे झाले, की पाण्यावरचा निस्तार हक्क प्रत्येकाच्या लक्षात राहिला आणि गाळ काढण्याचे काम कोणाच्याच नावावर राहिले नाही. पाणी सर्वांचे, गाळ कोणाचाच नाही. पाळीवर उभे राहून आपण मुलांना सांगतो की हा आपल्या पूर्वजांचा वारसा; आणि पाळीखाली दर वर्षी तलाव थोडा अधिक उथळ होत जातो.

प्रभू येशूने जिवाच्या वाटेवरील लोकांना क्रूस उचलण्यास सांगितले, तेव्हा त्याने तो दुरून पाहण्यास सांगितले नव्हते. वारशाचेही असेच आहे असे आम्हास वाटते. तो दाखवता येतो, पण दाखवून देता येत नाही. ज्याच्या खांद्यावर त्याचे थोडे तरी ओझे आले, त्यालाच तो मिळतो. वाडी कोणाची, तर जो तिच्या माणसांची नावे जाणतो आणि तिच्या छपराचा वाटा उचलतो त्याची. तलाव कोणाचा, तर उन्हाळ्यात पाणी आटल्यावर जो घमेले घेऊन त्यात उतरतो त्याचा. येत्या वैशाखात आपल्या गावच्या तलावाचा गाळ निघणार असेल, तर मुलांना घेऊन अवश्य जावे. तेथेही तिकीट नाही.